डीसीचा फुकट झू: आई-बाबांना आणि पोरांना घेऊन कसा बघायचा

स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या म्युझियम-संस्थेचा नॅशनल झू, वॉशिंग्टन डीसी. एन्ट्री फुकट, मग आजी असो की कडेवरचं पोर, कुणालाच तिकीट नाही. इंडियातून आई-बाबा आले की व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या आपल्या लोकांच्या लिस्टवर व्हाईट हाऊस, लिंकन मेमोरियल आणि मग हा झू असतोच. आता फुकट ते पौष्टिक हे आपल्या अंगात मुरलेलं, त्यामुळे होतं काय की फुकट आहे ना मग सगळंच बघून टाकू म्हणून लोक सकाळी वरच्या टोकाला सुरुवात करतात, दुपारी एकच्या सुमारास खालच्या टोकाला पोचतात आणि तिथे कळतं की आता हे सगळं उलटं चढून जायचंय, पोरगं स्ट्रोलरमध्ये बसायला तयार नाही, आईचे गुडघे बोलायला लागलेत आणि बाबा कुणाशीच बोलत नाहीयेत.

माझं म्हणणं एकच आहे. फुकट आहे म्हणूनच अर्धाच बघा. तिकीट काढलेलं असतं तर पैसे वसूल करायची घाई समजू शकते, इथे वसूल करायला काही नाहीच, तीन तास बघा आणि बाहेर पडा, उरलेलं पुढच्या महिन्यात.

पहिलं म्हणजे उतार डोक्यात बसवा कारण सगळं प्लॅनिंग त्यावर आहे. झू 163 एकरांचा आहे, वरचं टोक कनेटिकट अव्हेन्यूवर आणि खालचं टोक रॉक क्रीक नावाच्या ओढ्याकडे, मधून एक मोठा रस्ता जातो त्याला ऑल्मस्टेड वॉक म्हणतात. वरून खाली जाताना अगदी मजेत चालणं होतं, उतार आहे हे लक्षातही येत नाही, आणि तिथेच सगळे फसतात. मोठी आकर्षणं म्हणजे पांडा, हत्ती, पक्षी हे वरच्या भागात, आणि पोरांचं फार्म अगदी तळाला. म्हणजे आजी-आजोबांचं वर आणि नातवंडांचं खाली, हे ज्याने ठरवलं त्याच्या घरी म्हातारं माणूस नसावं बहुतेक.

जायचं कसं? गाडीने गेलात तर एन्ट्री फुकट असली तरी पार्किंग फुकट नाही, साधारण 30 डॉलर धरून चाला आणि ते आधी ऑनलाइन बुक करून ठेवा, चांगल्या हवेच्या शनिवारी जागा मिळत नाही. त्यापेक्षा मेट्रो बरी. वीकेंडला मेट्रोच्या स्टेशनवरचं पार्किंग फ्री असतं आणि आता गेटवर क्रेडिट कार्ड टॅप केलं तरी चालतं, त्यामुळे पाहुण्यांसाठी वेगळं कार्ड काढत बसायला नको. रेड लाइन पकडायची. रॉकव्हिल-शेडी ग्रोव्ह साईडवाल्यांना थेट, व्हर्जिनियातून सिल्व्हर, ऑरेंज किंवा ब्लू लाइनने येणाऱ्यांनी मेट्रो सेंटरला बदलायची. आता महत्त्वाचं, झूचं नाव वुडली पार्क स्टेशनवर लिहिलंय म्हणून सगळे तिथे उतरतात आणि मग कनेटिकट अव्हेन्यूवर चढ चढत येतात, म्हणजे हत्ती दिसायच्या आधीच दम. जाताना क्लीव्हलँड पार्कला उतरा, अंतर जवळपास तेवढंच पण रस्ता बराच सपाट. येताना वुडली पार्कला जा, कारण तेव्हा तोच चढ उतार झालेला असतो. पाय थकलेल्या माणसासाठी याने खूप फरक पडतो.

एन्ट्री पास मात्र लागतो. फुकटच असतो, झूच्या वेबसाईटवर काढायचा, फोनवर ठेवायचा, घरातल्या सगळ्यांचा धरून. गेटवर बॅगा तपासतात, त्यामुळे डब्यांची पिशवी वर-वर ठेवा नाहीतर लाइन अडवून आईची सगळी पिशवी टेबलावर मांडावी लागते. वेळ सीझनप्रमाणे बदलते पण मैदान सकाळी आठला उघडतं, इमारती नंतर. 25 डिसेंबरला बंद. आणि अजून एक, हा झू सरकारी पैशावर चालतो, त्यामुळे सरकारचं शटडाऊन झालं, म्हणजे पैसे मंजूर न झाल्याने सरकारी कामं थांबली, की लगेच नाहीतर काही दिवसांत झूला पण टाळं लागतं, 2013 ला लागलं, 2019 च्या जानेवारीत लागलं, 2025 च्या ऑक्टोबरात परत लागलं. प्राण्यांना खायला घालणारे कामावर असतात, आपल्याला फक्त आत घेत नाहीत. तेव्हा बातम्या बघून निघा.

खाणं घरून न्या. चालतं, बाहेरचे डबे नेऊ देतात आणि बसायला बाकं-टेबलं आहेत. आत मिळतं ते बर्गर, फ्राइज, चिकन टेंडर्स, म्हणजे ज्या आईला साबुदाण्याचा उपवास आहे तिने काय करायचं. मेथी पराठे, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याचे लाडू न्या, दही वगैरे सांडणारं काही नको, आणि बाबांना शुगर असेल तर त्यांची गोळी-बिस्किटं वेगळ्या खिशात, स्ट्रोलरच्या खाली गाडलेली नाही. रिकाम्या बाटल्या न्या, आत पाणी भरता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर डीसीची हवा म्हणजे चिकचिक, टोपी आणि रुमाल पाहिजेच. खरं सांगायचं तर एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर बेस्ट, पण आई-बाबा नेमके उन्हाळ्यातच येतात त्याला इलाज नाही, मग आठलाच पोचा आणि अकराला सावली गाठा.

आता आत गेल्यावर. आठ-साडेआठला सरळ पांडांकडे. 2023 च्या नोव्हेंबरात जुने पांडा चीनला परत गेले आणि झू जवळजवळ वर्षभर पांडाशिवाय होता, मग ऑक्टोबर 2024 मध्ये बाओ ली आणि छिंग बाओ हे दोघं आले आणि 24 जानेवारी 2025 पासून लोकांना बघायला मिळायला लागले. यातला बाओ ली हा याच झूमध्ये 2013 साली जन्मलेल्या बाओ बाओचा मुलगा, म्हणजे पोरगा आजोळी आलाय असं समजा. हे आजीला सांगितलं की तिला एकदम आपुलकी वाटायला लागते, तिला चीन-अमेरिकेच्या डिप्लोमसीत इंटरेस्ट नसतो. पांडा दिवसातले दहा ते सोळा तास नुसते बांबू खात असतो आणि उरलेला वेळ झोपतो, त्यामुळे सकाळी तो खाताना दिसला तर उभं राहून नीट बघा, दांडा आडवा धरतो, बाजूच्या दातांनी साल सोलून एकीकडे टाकतो, आतलं कडाकडा चावतो, आवाज काचेबाहेर नाही येत पण बाहेरच्या अंगणात असेल तर येतो. दुपारी गेलात तर एका झाडाच्या बेचक्यात काळा-पांढरा गोळा दिसेल आणि पोरगं म्हणेल, हा खेळण्यातला आहे का.

पांडाच्या बाजूलाच एशिया ट्रेल आहे आणि तिथे लोक घाईत पुढे जातात ते चुकीचं आहे, कारण तिथे आपलं अस्वल आहे. हो, आपलंच, मेळघाट-ताडोब्यात असतं तेच. इथे ते वारुळासारख्या भोकांतून किडे ओढून घेताना दिसलं तर कान देऊन ऐका, व्हॅक्यूम क्लीनर चालू केल्यासारखा आवाज येतो. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, ओठ लांब करून नळी करतं आणि नाकपुड्या बंद करून घेतं म्हणजे माती आत जात नाही. माझ्या सासऱ्यांनी लहानपणी गावात दरवेशाचं अस्वल बघितलेलं, नाकात वेसण घातलेलं, ते इथे बराच वेळ कठड्याला धरून उभे होते आणि नातीला वेसणीबद्दल सांगत होते. अशा ठिकाणी आजोबांना बोलू द्या, झूच्या पाट्या वाचायची गरज नाही.

त्याच ट्रेलवर रेड पांडा आहे. 2013 च्या जूनमध्ये रस्टी नावाचा एक रेड पांडा पळून गेला होता आणि त्याच दिवशी शेजारच्या अ‍ॅडम्स मॉर्गन भागात सापडला, लोकांनी फोटो काढून ट्विटरवर टाकला म्हणून कळलं. पोरांना ही गोष्ट सांगितली की ती पुढचा तासभर सगळ्या झाडांवर पळालेला प्राणी शोधत चालतात, कुरकुर बंद, फुकटात.

मग हत्ती. इथले हत्ती आशियाई आहेत, आफ्रिकन नाहीत, आपल्याकडच्यासारखेच. इथे अंबिका नावाची हत्तीण होती, तिला कुर्गच्या जंगलात पकडलेलं, लाकडं ओढायचं काम करायची, आणि 1961 मध्ये भारतातल्या मुलांकडून अमेरिकेला भेट म्हणून ती इथे आली. 2020 च्या मार्चमध्ये गेली, तेव्हा ती 72 वर्षांची होती. आणि शांती म्हणून श्रीलंकेहून आलेली एक होती ती तोंडाने नाही तर सोंडेने माउथ ऑर्गन वाजवायची, आपलं आपण, कुणी शिकवलं नव्हतं. दोघीही आता नाहीत पण बाबांना ही माहिती देऊन ठेवा, पुण्याला परत गेल्यावर कट्ट्यावर उपयोगी पडते. बाबा याच्या बदल्यात तुम्हाला रीवाच्या पांढऱ्या वाघांचं सांगतील, तर त्यांना सांगा की रीवाच्या महाराजांकडची मोहिनी नावाची पांढरी वाघीण 1960 च्या डिसेंबरात इथेच आली होती, आधी व्हाईट हाऊसच्या लॉनवर प्रेसिडेंट आयझेनहॉवरना दाखवली, मग या झूमध्ये.

इंटरॅक्टिव्ह म्हणजे काय ते आता. प्रत्येक पिंजऱ्यापाशी काच बडवणे म्हणजे इंटरॅक्टिव्ह नाही हे आपल्या पोरांना घरूनच सांगून आणा, प्लीज. इथे कीपर लोकांचे डेमो असतात, वेळा रोज बदलतात, त्या दिवशीच्या वेळा वेबसाईटवर किंवा गेटवरच्या बोर्डावर बघायच्या आणि त्यातले फक्त दोन निवडायचे. हत्तीचं ट्रेनिंग असेल तर ते घ्याच. कीपर आणि हत्तीच्या मध्ये जाड गज असतात, कीपर सांगतो, हत्ती पाय उचलून गजाला लावतो, कीपर तळवा बघतो, नखं बघतो, बक्षीस म्हणून खाऊ. ही सर्कस नाही, हत्तीचे पाय बिघडले की हत्ती संपला म्हणून रोज तपासतात आणि हत्तीने स्वतःहून पाय द्यावा म्हणून हे ट्रेनिंग. सी लायनचं पण असतं, तिथे मासे असल्यामुळे पोरांना जास्त आवडतं आणि आजीला वासामुळे कमी. डेमो संपला की कीपरला प्रश्न विचारा, ती माणसं भरभरून बोलतात, आणि तुमच्या पोराने रात्री हत्ती झोपतो कसा असं विचारलं तर त्याला घाई न करता उत्तर देतात. आपल्या आई-बाबांना इंग्लिशमध्ये विचारायला संकोच वाटतो, तुम्ही मध्ये राहून विचारा, त्यांच्याकडे पोरांपेक्षा चांगले प्रश्न असतात.

बर्ड हाऊस मला सगळ्यात आवडतं आणि त्याला गर्दीही कमी. जुनी इमारत आहे, कित्येक वर्षं बंद ठेवून नवीन केली आणि 2023 च्या मार्चमध्ये उघडली. आत पिंजरेच नाहीत म्हणा ना, तुम्हीच पक्ष्यांच्या खोलीत शिरता, एका खोलीत समुद्राकाठचे पक्षी, एकीत बदकं, आणि शेवटी कॉफीच्या मळ्यासारखी उबदार खोली, तिथे चिमण्यांएवढे रंगीत पक्षी डोक्यावरून जातात. दार उघडताना मागचं आधी बंद करायचं. पोरांना खांद्यावर घेऊ नका, खाली उकिडवं बसवा आणि दोन मिनिटं गप्प बसायला सांगा, पक्षी पायाजवळ येऊन टुकटुक करतात. स्ट्रोलरमधल्या बाळाला सुद्धा इथे खरं काहीतरी दिसतं, सिंह त्याच्यासाठी लांबवरचा ठिपका असतो.

आणि वर बघायला विसरू नका. ओरँगउटानसाठी इथे उंच मनोरे आणि त्यावरून तारा टाकलेल्या आहेत, ओ लाइन म्हणतात तिला, 1995 पासून आहे, सुमारे 50 फुटांवरून ती जनावरं एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातात आणि खालून आपण चालत असतो. जाळी नाही, काही नाही. हवा चांगली असेल आणि त्यांच्या मनात असेल तरच जातात, जबरदस्ती नसते, म्हणून बघायला मिळालं तर नशीब. बरोबर खाली उभे राहू नका, का ते बाबा सांगतील.

स्मॉल मॅमल हाऊस एसी आहे, दुपारच्या उन्हात तिथे बसायला जायचं. तिथे नेकेड मोल रॅट बघा, सुरकुतलेली गुलाबी बोटभर जनावरं, दात ओठांच्या बाहेर, काचेच्या नळ्यांमधून एकमेकांच्या अंगावरून उलटी-सुलटी धावतात, आजी शी म्हणते आणि तिथून हलत नाही. अ‍ॅमेझोनिया पण छान आहे, माणसाएवढे लांब अरापाइमा मासे आहेत, पण ते तळाला आहे आणि आत दमट, त्यामुळे दम्याचा त्रास असलेल्यांनी विचार करून.

लेमूर, म्हणजे माकडासारखे लांब शेपटीचे प्राणी, दिसले तर एक सांगायचं. 23 ऑगस्ट 2011 ला व्हर्जिनियात 5.8 चा भूकंप झाला तेव्हा इथल्या रेड रफ्ड लेमूरनी साधारण पंधरा मिनिटं आधीच ओरडायला सुरुवात केली होती, फ्लेमिंगो गोळा होऊन एकत्र उभे राहिले, आणि काही एप्स, म्हणजे गोरिला-ओरँगउटान, हादरा बसायच्या काही सेकंद आधी खाणं टाकून पिंजऱ्यातल्या झाडासारख्या सांगाड्यावर चढले. हे झूच्या लोकांनीच नोंदवून ठेवलंय, फॉरवर्ड नाही.

आता किड्स फार्म. गायी, शेळ्या, गाढवं, अल्पाका, लाल रंगाचं बार्न. मी आधीच सांगतो, आपल्या आई-बाबांना इथे काय बघायचं हा प्रश्न पडणार, गाय बघायला अमेरिकेत आलो का म्हणणार, पण इथे जन्मलेल्या पोराने गाय इतक्या जवळून बघितलेली नसते आणि आजीला गाईच्या मानेखाली कुठे खाजवायचं ते माहीत असतं, त्यामुळे खरा शो तोच होतो. कुठल्या जनावराला हात लावू देतील, ब्रश करू देतील की नाही, हे त्या दिवसावर असतं, कीपरला विचारूनच हात पुढे करा. शेळीच्या डोळ्यात बघायला लावा पोराला, बाहुली आडवी असते, चौकोनी फटीसारखी, एकदा दिसली की पोरगं प्रत्येक शेळीचे डोळे तपासत बसतं. आणि नंतर हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरवर भागवू नका, गुरांच्या शेणातून ई कोलाय जातो आणि लहान मुलांना तो फार वाईट पडतो, मळक्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. चोखणी, दुधाची बाटली, खाऊ हे सगळं फार्मच्या बाहेर, स्ट्रोलरची चाकंसुद्धा पुसली तर उत्तम.

जनावरांना काही खायला घालायचं नाही. हे आईला गाडीतच सांगा कारण तिच्या पर्समध्ये पारले-जी असतो, आणि गाईला हात जोडून बिस्किट देणं हे तिच्या दृष्टीने पुण्य आहे, नियम मोडणं नाही. खारूताईंना पण नाही. आईला वाईट वाटू नये म्हणून सांगायची पद्धत अशी की इथे प्रत्येकाचं डाएट डॉक्टर ठरवतात, बाबांचं ठरवतात तसं, मग तिला पटतं.

आता त्या चढाचं काय करायचं. दोन मार्ग आहेत. आजी-आजोबा असतील आणि गुडघे धड नसतील तर फक्त वरचा भाग करा, पांडा, अस्वल, हत्ती, पक्षी, बसून डबा, बाहेर, फार्म दुसऱ्या दिवशी एका पालकाने पोराला घेऊन करावं. किंवा सगळ्यांना हळूहळू खाली न्या, वाटेत मांजरकुळातले सिंह-वाघ बघत, फार्म शेवटी, आणि वर परत यायचंच नाही, खालच्या हार्वर्ड स्ट्रीटच्या गेटमधून बाहेर पडून तिथेच उबर बोलवा. पंधरा-वीस डॉलर गेले तर जाऊ द्या, एन्ट्रीचे वाचलेत ना. गाडीने आला असाल तर घरातल्या एका धडधाकट माणसाने वर चढून गाडी घेऊन खाली यायचं, बाकीच्यांनी सावलीत थांबायचं, आणि तो माणूस कोण हे सकाळीच ठरवा, दुपारी एक वाजता ठरवायला गेलात तर भांडण.

मेरी-गो-राउंड लागतं वाटेत, त्याला तिकीट आहे, घोड्यांऐवजी वेगवेगळे प्राणी आहेत त्यावर. पोरांना एक चक्कर द्या, आजीलाही बसवा, तिला कुणी विचारत नाही पण तिला बसायचं असतं.

गिफ्ट शॉप टाळायचं असेल तर तसं जमत नाही, आधीच एक वस्तू ठरवून द्या.

मेट्रोने परत जाताना वुडली पार्कचा एस्केलेटर बघून बाबा घाबरू शकतात, खूप लांब आहे आणि आपल्या आईलोकांना साडीत तर नकोच वाटतो, तिथे लिफ्ट आहे, स्ट्रोलरलाही तीच बरी. खाली गेल्यावर ट्रेन कुठल्या दिशेची ते बघा, रॉकव्हिल-शेडी ग्रोव्ह साईडवाल्यांना शेडी ग्रोव्हची, आणि सिल्व्हर लाइनवाल्यांनी उलट बाजूची घेऊन मेट्रो सेंटरला उतरायचं.